राम जोशी : फडावरचा शाहीर, देवळातला कीर्तनकार

राम जोशी हे उत्तर पेशवाईतले शाहीर, कीर्तनकार आणि संस्कृतज्ञ कवी. त्यांचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापूर येथे झाला आणि मृत्यू १८१२ च्या सुमारास. लावणीकार म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. देवळातल्या संगीताच्या इतिहासात त्यांना जागा मिळते ती मात्र दुसऱ्या कामासाठी. मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनात गायल्या आणि पोथीत बसून राहिली असती अशी विद्वत्कविता सभामंडपातल्या साध्या श्रोत्यांच्या कानांवर घातली. डफ-तुणतुणे आणि टाळ-मृदंग या दोन्ही वाद्यमेळांवर सारखीच हुकमत असलेला असा माणूस मराठीत क्वचितच झाला.

घराणे ब्राह्मणाचे, विद्येचे. वडील जगन्नाथ जोशी. थोरले बंधू मुद्गल हे नावाजलेले शास्त्री. घरात वेदपठण, पुराणवाचन, पंचांग आणि मुहूर्त हा रोजचा व्यवहार. धाकट्याने याच वाटेने जावे, ही घरची अपेक्षा. धाकट्याचा जीव मात्र गावातल्या धोंडी शाहिराच्या फडात अडकला. रात्र तमाशात जाऊ लागली, पुढे लावण्या रचून देण्यापर्यंत मजल गेली. शास्त्र्याच्या घरचा मुलगा डफावर थाप पडली की उठून जातो, ही गोष्ट त्या काळच्या सोलापुरात लपून राहण्यासारखी नव्हती. मुद्गलांनी भावाला घराबाहेर काढले, असे त्यांच्या चरित्राची परंपरा सांगते.

घर सुटल्यावर राम जोशी पंढरपूरला गेले आणि बाबू पाध्ये यांच्याकडे संस्कृत शिकले. व्याकरण, काव्य, अलंकार हा सगळा पाया तिथे घातला गेला. त्यांच्या नावावर असलेले ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्य त्या अभ्यासाची साक्ष देते. चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्रित रचना; कथा गद्यातून पुढे न्यायची आणि भावाच्या जागी श्लोक घालायचे. कीर्तनकार नेमके हेच करत असतो. बोलत बोलत कथा पुढे नेतो आणि रसाची जागा आली की गातो. पंढरपूरहून परतताना राम जोशी यांच्यापाशी शाहिराचा गळा होताच, आता शास्त्र्याचे शब्दभांडारही आले होते.

ज्या मुलखात हे घडले तो मुलूख या कामाला अनुकूल होता. सोलापूर हे ग्रामदैवत सिद्धेश्वराचे गाव. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याची वचने कानडीत आहेत आणि त्यांच्या यात्रेला जमणारा समाज मराठी-कानडी दोन्ही बोलणारा. उत्तरेला तुळजापूरची भवानी, तिचा गोंधळ आणि संबळ. पश्चिमेला पंढरपूर, आणि त्याच्याही पलीकडे माळशिरस तालुक्यातले वेळापूर. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन देवळामुळे आणि रामचंद्रदेव यादवाच्या काळातल्या शिलालेखांमुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरसहून निघाली की वेळापूरला मुक्कामाला येते, आणि या टप्प्यात भारूड रंगते. भारूड हाही देवाच्या नावाने उभा राहिलेला खेळच. एकनाथांनी सोळाव्या शतकात गोंधळी, जोशी, वासुदेव, महारीण अशी गावातली सोंगे उचलली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातले. लोकांच्या करमणुकीचा साचा भक्तीसाठी वापरण्याची सवय या भागाला राम जोशी यांच्या आधी दोन शतके होती.

उलट दिशेनेही येजा होती. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होत असे. त्यानंतर कृष्ण आणि गवळणी यांची गौळण, आणि मग लावणी. फडाफडांत चालणारा कलगी-तुऱ्याचा झगडा तर सरळ तत्त्वज्ञानाचाच. तुरेवाले शिवाचा पक्ष घेत, कलगीवाले शक्तीचा; आदी कोण, श्रेष्ठ कोण, यावर रात्रभर सवाल-जवाब चालत. वेळापूरच्या गाभाऱ्यात शिव आणि शक्ती यांची पूजा एकत्र होते, हे लक्षात घेतले तर या भांडणाचा निकाल तिथे कधीच लागून गेला होता, असे म्हणायला हरकत नाही. फडांना मात्र निकाल नको होता. भांडण मिटले तर रात्र कशी रंगणार?

राम जोशी यांचे कीर्तन समजून घ्यायचे तर अठराव्या शतकात नारदीय कीर्तन कसे होत असे, ते पाहिले पाहिजे. देवळाच्या मंडपात देवाकडे पाहणारा कीर्तनकार एकटा उभा असतो. हातात झांज किंवा चिपळ्या, मागे मृदंग आणि टाळ. आरंभी नमन. मग एखाद्या संताचे मूळपद घेऊन त्याचे निरूपण, हा पूर्वरंग. मध्यंतरात नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे पूर्वरंगातला सिद्धांत पटवून देणारे आख्यान: सुदाम्याचे, हरिश्चंद्राचे, द्रौपदी वस्त्रहरणाचे. शेवटी फिरून मूळपदावर येऊन आरती. वारकरी कीर्तनाची रीत निराळी. तिथे एकच अभंग धरून चालतात, मागे टाळकऱ्यांची रांग असते आणि आख्यानाला गौण जागा. नारदीय कीर्तनात कथा सांगणारा, गाणारा, नट आणि पंडित हे सारे एकाच माणसाला व्हावे लागते.

आख्यानातला गाण्याचा भाग एका वृत्तात बांधलेला नसतो. कथा पुढे नेण्यासाठी ओवी. करुण प्रसंगी दिंडी, तिच्या चरणात नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा. संवादाला साकी, सोळा आणि बारा मिळून अठ्ठावीस मात्रांची. लढाई, मिरवणूक, थाट यांचे वर्णन आले की कटाव: अनुप्रासांची लड लावत श्वास न सोडता म्हटलेली रचना. औरंगाबादचे अमृतराय (१६९८–१७५३) हे या कटावासाठीच गाजले. आणि अर्थगंभीर ठिकाणी आर्या. मोरोपंतांनी प्रामुख्याने वापरलेल्या गीती या आर्याप्रकाराच्या प्रत्येक ओळीत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा असतात. कीर्तनकार ती तालात अडकवत नाही. मृदंग थांबतो, आर्या संथ आणि मोकळी म्हटली जाते, श्रोता शब्दाशब्दाकडे कान देतो, आणि मग अर्थ सांगायला वाव मिळतो.

मोरोपंतांना असाच कोणीतरी हवा होता. मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) जन्माने पन्हाळ्याचे, पण त्यांचे आयुष्य गेले बारामतीत, बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाखाली. पुराण सांगणे हे त्यांचे काम. त्यांनी आर्याबद्ध महाभारत लिहिले, वेगवेगळ्या शब्दचमत्कृतींवर बेतलेली रामायणे रचली, आणि उतारवयात देवाला घातलेली साद म्हणजे ‘केकावली’. यमके अचूक, समास लांबलचक, शब्द संस्कृताने ठासून भरलेले. एका बैठकीत वाचणाऱ्याला त्यातली अर्धी गोडी कळते. ऐकणाऱ्या अनभ्यस्ताला बहुधा तेवढीही नाही. ही कविता लोकांपर्यंत पोहोचायची तर मधे उभा राहून ती फोडून सांगणारा, आणि सांगताना रंगवणारा माणूस लागणार होता.

राम जोशी आणि मोरोपंत यांच्या बारामतीच्या भेटीची कथा अनेक प्रकारे सांगतात. गाभा एकच: पंतांनी या शाहिराची रचना ऐकली, तमाशाच्या बोर्डावर असली विद्वत्ता पाहून ते थक्क झाले, त्यांनी राम जोशी यांना ‘कविप्रवर’ म्हणून गौरविले आणि ही वाणी देवाकडे वळवावी असे सुचविले. तपशील बाजूला ठेवला तरी परिणाम निश्चित आहे. राम जोशी मोरोपंतांच्या आर्यांवर कीर्तने करू लागले आणि पंतांची कविता कीर्तनकारांच्या परंपरेत कायमची रुजली. पुढे दीडशे वर्षे ‘आर्या मयूरपंतांची’ हे वाक्य कीर्तनात सहज कानी पडत राहिले, त्याचे श्रेय पंतांच्या लेखणीइतकेच या गळ्याला जाते. दोघांच्या पिंडात जमीन-अस्मानाचे अंतर होते. पंत गृहस्थाश्रमी, सोवळे, लेखणी न सोडणारे. राम जोशी फडात रमणारे, पैसा आला तसा उधळणारे. जुळले ते भाषेच्या नादावरून. यमकाचा आणि अनुप्रासाचा सोस दोघांनाही होता.

कीर्तनाकडे वळलेले शाहीर म्हणजे एकटे राम जोशी नव्हेत. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) यांनीही अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून तमाशा सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. या कथांमध्ये नैतिक उद्धाराचा सूर फार लावला जातो. प्रत्यक्षात एका फडातून दुसऱ्या मंडपात जाण्यामागे हिशेबही होता. शाहिराला बिदागी मिळे ती मर्जीवर. कीर्तनकाराला देवस्थानाचे वर्षासन, उत्सवांची निश्चित आमंत्रणे आणि समाजात मान. शिवाय दोन्ही कामांना लागणारे कौशल्य एकच होते: जमाव धरून ठेवणे.

युरोपात याच शतकात देवळाच्या संगीतकाराची व्यवस्था निराळी होती, आणि ती शेजारी ठेवून पाहिली की राम जोशी यांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) १७२३ पासून मरेपर्यंत नगरसभेच्या नोकरीत होते. संत थॉमसच्या शाळेतल्या मुलांना गाणे शिकवायचे, शहरातल्या प्रमुख चर्चमध्ये रविवारचे आणि सणावारांचे संगीत पुरवायचे, हे त्यांचे बांधील काम. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर आठवड्याला एक नवा कँटाटा, म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यमेळ यांच्यासाठी धर्मवचनांवर बांधलेली रचना, त्यांना द्यावी लागे. सुमारे २०० कँटाटा आजही उपलब्ध आहेत. पण पवित्र आणि लौकिक यांच्यातली भिंत तिथेही पक्की नव्हती. १७३३ च्या डिसेंबरात सॅक्सनीच्या राणीच्या वाढदिवसासाठी बाख यांनी नगारे-तुताऱ्यांचा एक गौरवगीतप्रबंध बांधला. पुढच्याच वर्षी, १७३४ च्या नाताळात, तेच सूर शब्द बदलून येशूच्या जन्माच्या उत्सवाला वापरले. राणीसाठी वाजलेले नगारे बाळ येशूसाठी वाजले आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

राम जोशी यांनी हाच व्यवहार आपल्या परीने केला. त्यांच्या लावण्या एका जातीच्या नाहीत. शृंगाराच्या आहेत, आणि सौंदर्यवर्णनाच्या एका लावणीने तर त्यांचे नाव आजवर टिकवले. पण त्याच साच्यात त्यांनी पौराणिक प्रसंग बसवले, क्षेत्रांची आणि देवांची वर्णने केली, आणि वैराग्याचा उपदेशही केला. जटा वाढवून, भस्म फासून साधू म्हणवणाऱ्यांना विचारलेला रोकडा सवाल त्यांच्या उपदेशपर लावणीत आहे. वरच्या सोंगाने देव भेटत नाही, हा त्याचा मथितार्थ. हा विषय संतांच्या अभंगांत शेकडो वेळा आलेला. राम जोशी यांनी तो डफाच्या ठेक्यावर आणला तेव्हा त्याला वेगळीच धार चढली, कारण आता तो देवळाबाहेरच्या श्रोत्याला सुनावलेला होता.

रचनेच्या अंगाने पाहिले तर लावणीला आधी ध्रुपद असते आणि मग कडव्यांसारखे चौक. प्रत्येक चौक फिरून ध्रुपदावर येतो. बहुसंख्य लावण्या आठ-आठ मात्रांच्या आवर्तनात चालतात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त या जातीला पद्मावर्तनी म्हटले आहे. आठ मात्रांचा हा ठेका ढोलकीवर सहज बसतो, पायालाही ताल धरायला लावतो. या सोप्या चौकटीत राम जोशी यांनी जी शब्दांची गर्दी केली ती सोपी नाही. ओळीच्या पोटात तीन-तीन, चार-चार यमके, एकाच अक्षराच्या आवृत्तीने धावणारे चरण, मधेच संस्कृत समास. उच्चार स्वच्छ नसेल तर गायक अडखळून पडेल अशी ती बांधणी. होनाजी बाळा किंवा सगनभाऊ या शाहिरांच्या लावणीत भाव पुढे आणि शब्द मागे असतो. राम जोशी यांच्याकडे पुष्कळदा शब्द पुढे धावतो. हे त्यांचे बळ आणि हीच मर्यादा. पंडिती दाखवण्याच्या भरात काही ठिकाणी लावणी कोड्यासारखी होते, आणि श्रोता दाद देतो ती अर्थाला की कसरतीला, असा प्रश्न पडतो. मराठीच्या बरोबरीने संस्कृत, कानडी, हिंदी अशा भाषा ते वापरत. सोलापूरच्या बाजारात सकाळी फिरले तरी दोन-तीन भाषा कानी पडत असल्याने त्यांच्या घरच्या श्रोत्यांना ही कसरत परकी वाटली नसावी.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शाहिरांना चांगले दिवस आले आणि राम जोशी यांच्याही वाट्याला दरबारी मान व पैसा आला. तो हाती टिकला नाही. उत्तरायुष्यात त्यांना दारिद्र्य भोगावे लागले, असे सांगतात. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांत पेशवाई बुडाली आणि १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. ज्या व्यवस्थेने शाहीर पोसले तीच नाहीशी झाली. कीर्तनाला मात्र देवळांचा आणि गावोगावच्या उत्सवांचा आधार होता, त्यामुळे ते टिकले. लावणी आणि कीर्तन या दोन्हींत राम जोशी यांनी काम केले, पण त्यांचे कीर्तनातले काम निनावी होऊन परंपरेत मिसळले आणि लावण्यांवर मात्र नाव राहिले.

कीर्तनाचा हा साचा पुढे ख्रिस्ती मंडळींनीही उचलला. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरहून वाढत १८६० च्या दशकात सोलापूरला आले. चर्चमधली आरंभीची गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली. मराठी शब्दांचे आघात त्या चालींत मोडत. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. त्यांनी अभंग, ओवी आणि पदे यांतून ख्रिस्तभक्ती गायली, कीर्तनेही केली. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. टाळ, मृदंग आणि आख्यान ही सामग्री कुठल्या एका देवाच्या मालकीची नाही, हे त्यांनी चर्चच्या चार भिंतींत दाखवून दिले. राम जोशी यांनी तीच गोष्ट फड आणि देऊळ यांच्या दरम्यान दाखवली होती.

राम जोशी यांच्या लावण्या शाहिरांच्या आणि रसिकांच्या बाडांतून उतरत आल्या. हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्याबरोबर १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापणारे शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी त्या गोळा करून ग्रंथरूपात आणल्या, आणि त्यामुळे त्या अभ्यासकांच्या हाती लागल्या. सर्वसामान्यांना राम जोशी भेटले ते पडद्यावर. १९४७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम, पटकथा-संवाद ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत देसाई यांचे, मुख्य भूमिकांत जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. चित्रपट अफाट चालला. आज राम जोशी यांच्या आयुष्याविषयी जे सहज सांगितले जाते त्यातले बरेचसे या चित्रपटातून आलेले आहे, आणि चरित्र म्हणून ते जपूनच घ्यावे लागते.

संगीताच्या बाबतीतही असेच झाले. बाख यांचे सूर कागदावर उतरले होते. वाद्यागणिक स्वर लिहिलेल्या त्या वह्या उघडून त्यांची रचना आज जशीच्या तशी वाजवता येते. राम जोशी यांच्या बाडांत फक्त शब्द आहेत. कोणती लावणी कोणत्या चालीवर, कोणत्या सुरापासून, किती लयीत, हे फडातल्या साथीदारांच्या आणि शिष्यांच्या कानांत राहिले. त्यांची गाजलेली सौंदर्यवर्णनाची लावणी आज लोक ज्या चालीवर गुणगुणतात, ती शिलेदारांच्या आवाजात चित्रपटातून घरोघर पोहोचलेली चाल आहे.